वळू कोणता लावायचा: बडोद्याकडच्या नव्या गोपालकांसाठी

माझ्या ओळखीतल्या तीन-चार मराठी घरांनी अलीकडे पादरा आणि वाघोडियाकडे थोडी जमीन घेऊन गीर गाई बांधल्या आहेत. घर दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात, आणि सकाळ-संध्याकाळ फेरी गोठ्यावर. त्यांचे फोन येतात तेव्हा चौकशी असते ती पत्र्याच्या उंचीची, दाण किती घालायचं याची, गोचिडांची. वळू कोणता लावावा हे क्वचितच कोणी विचारतं. दाण चुकलं तर उद्या बदलता येतं. वळू चुकला तर ती चूक कालवडीच्या रूपाने गोठ्यात उभी राहते आणि पुढची दहा वर्षं रोज चारा मागते.

हिशेबच बघा. आज कृत्रिम रेतन केलं तर साडेनऊ महिन्यांनी वासरू. ती कालवड असली तर चांगल्या संगोपनातही पहिलं वेत यायला तीन-साडेतीन वर्षं, साधारण गोठ्यात चार. मग तिचं एक पूर्ण वेत, म्हणजे व्यायल्यापासून दूध आटेपर्यंतचा काळ, मोजायला दहा महिने. म्हणजे आजचा निर्णय बरोबर होता का, हे कळायला पाच वर्षं लागतात. एवढा लांबचा निर्णय रेतन करणाऱ्याच्या डब्यात त्या दिवशी गोठवलेल्या वीर्याची जी कांडी असेल तिच्यावर सोडू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. मी गीर गाईंबद्दल बोलते आहे, पण कांकरेज गाय असो, सुरती म्हैस असो, रीत तीच.

आधी वही

आनुवंशिकता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. सुरुवात होते ती पाठपोट दोनशे पानी वहीने आणि एका स्प्रिंगच्या काट्याने. प्रत्येक गाईला एक पान. वर तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक, खाली आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्मतारीख. मग महिन्यातून एक ठरावीक दिवस, समजा दर पाच तारखेला, सकाळची आणि संध्याकाळची धार त्या गाईची वेगळी मोजायची आणि लिहायची. रोज मोजलंत तर उत्तमच, पण महिन्यातून एकदाही नियमाने मोजलंत तर वेताचा अंदाज पुरेसा येतो. सरकारी दूधनोंदणीतही मोजमाप महिन्यातून एकदाच होतं.

फॅटबाबत मात्र बहुतेकांची गल्लत होते. गावच्या दूधमंडळीत तुमच्या कॅनचं फॅट निघतं, गाईचं नाही. तीन गाईंचं दूध एकत्र गेलं तर स्लिपवरचा ४.६ हा तिघींची सरासरी सांगतो. त्यातली एक ५.२ ची आणि एक ३.९ ची असेल, तुम्हाला पत्ता लागणार नाही. मंडळीच्या सेक्रेटरींना विनंती करून दोन महिन्यांतून एकदा प्रत्येक गाईचा वेगळा नमुना लावून घ्या. आमच्याकडे आधी नाही म्हणाले, मग बाटल्यांवर नावं घालून नेल्या तेव्हा करून दिलं. नमुना पूर्ण धार काढून, ढवळून घ्यायचा. पहिल्या धारेचं दूध पातळ असतं, शेवटच्या धारेचं दाट. मधलंच घेतलंत तर आकडा फसवतो.

दुधाशेजारी आणखी चार गोष्टी लिहा: माजाची तारीख, रेतनाची तारीख, व्यायल्याची तारीख, कासदाह झाला असेल तर कोणत्या सडाला. बस. इतक्या नोंदींवर पुढचं सगळं उभं राहतं.

गाय घेताना काय बघायचं आणि काय नाही

गीरचं रूप मोहात पाडतं. फुगीर कपाळ, पानासारखे वळलेले लोंबते कान, मागे वळून वर गेलेली शिंगं. ही लक्षणं जात ओळखायला उपयोगी आहेत. दूध ओळखायला नाहीत. कपाळ जितकं उंच तितकं दूध जास्त, हे मी बाजारात शंभरदा ऐकलंय, आणि त्याला नोंदींचा आधार नाही.

आमची पहिली गाय अशीच रूपावर घेतली. सोळा लिटरची म्हणून सांगितली होती, आमच्यासमोर धार काढली तेव्हा चौदा निघालं, आम्ही खूश. घरी आल्यावर नऊच्या वर कधी गेली नाही. आदल्या वेळची धार काढलीच नव्हती, हे नंतर ध्यानात आलं. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे सोळा लिटरची समजून आम्ही तिच्या दोन कालवडी जिवापाड वाढवल्या. म्हणून सांगते, लागोपाठ तीन धारा समोर बसून बघा. पहिली सोडून द्या, दुसरी आणि तिसरी मिळून दिवसाचं दूध धरा. एक रात्र तिथे मुक्काम पडला तरी चालेल.

त्या व्यवहारानंतर आमच्या शेजारचे एक भरवाड काका म्हणाले, ‘भाऊ, पहेलां एनी मा जुओ.’ आमच्या ह्यांना ते भाऊ म्हणतात, इथे मराठी माणसाला तसंच म्हणतात. आधी तिची आई बघा. ते शाळेत गेलेले नाहीत, पण जे सांगितलं ते वंशावळीवरून निवड याचंच सार आहे. आई बघा, जमल्यास बहिणी बघा. एकाच गोठ्यात, एकाच दाणावर वाढलेल्या चार बहिणींपैकी तिघी चांगलं देत असतील तर चौथीवर पैसे लावायला हरकत नाही.

रूपातलं एक मात्र जरूर बघा, ते म्हणजे कास आणि सड. गीरमध्ये जाड, फुगीर सडांच्या गाई बऱ्याच असतात. अशा सडाला नवजात वासराचं तोंड नीट लागत नाही, पहिला चीक वेळेवर पोटात जात नाही, आणि धार काढणाऱ्याची बोटं भरून येतात. कासेची ठेवण पिढीजात उतरते. आईची कास लोंबती असेल तर लेकीचीही तशी होण्याची शक्यता मोठी.

किती उतरतं, याचं गणित

इथे थोडं थांबून कागद घ्या. गोठ्यातल्या गाईंच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला सगळा रक्ताचा नसतो. दुधाची आनुवंशिकता साधारण ०.३ धरतात. म्हणजे फरकातला तीस टक्क्यांच्या आसपासचा भाग आईबापांकडून आलेला, बाकीचा चारा, पाणी, ऋतू, वेताचा क्रम, धार काढणाऱ्याचा हात. फॅटच्या टक्क्यांची आनुवंशिकता याहून जास्त, ०.४ च्या वर. गाभण राहण्याची फार कमी, ०.१ च्याही खाली.

समजा तुमच्या गोठ्याची सरासरी दिवसाला ८ लिटर आहे आणि चंद्री नावाची गाय १२ देते. फरक ४ लिटर. त्यातला रक्ताचा भाग ४ गुणिले ०.३, म्हणजे १.२ लिटर. वासराला आईकडून निम्मीच जनुकं मिळतात, म्हणून लेकीच्या वाट्याला येतात ०.६ लिटर. सरासरी वळू लावला तर चंद्रीच्या लेकीकडून ८.६ ची अपेक्षा ठेवायची, १२ ची नाही. हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण ‘आई बारा लिटरची, मुलगी सहावर कशी आली’ ही गोठ्यागोठ्यातली तक्रार या एका ओळीने समजते. शिवाय ८.६ ही अपेक्षा आहे. सख्ख्या बहिणींतसुद्धा कोणाच्या वाट्याला कुठली निम्मी जनुकं येतील हे ठरलेलं नसतं, त्यामुळे एखादी साडेसहावर राहते, एखादी अकरावर जाते.

चंद्रीचं एकच वेत मोजलेलं असेल तर हा अंदाज कच्चा. तीन वेतं मोजलेली असतील तर योगायोगाचा भाग कमी होतो आणि अंदाज पक्का होत जातो. वही पहिल्यांदा सांगितली ती याचसाठी.

गाभण राहण्याची आनुवंशिकता इतकी कमी आहे याचा व्यवहारातला अर्थ असा की, गाय वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतनानंतर पुन्हा माजावर येत असेल, तर आधी खनिज मिश्रण, वजन आणि माज ओळखण्याची वेळ तपासा. वळू बदलून ते दुखणं लवकर जाणार नाही.

वळूचं पान कसं वाचायचं

आता मुख्य गोष्ट. गाय आयुष्यात सहा-सात वासरं देते. एका वळूच्या मात्र हजारो कांड्या भरतात, त्यामुळे रेतकेंद्राला, म्हणजे वळू पाळून वीर्य गोठवणाऱ्या केंद्राला, शेकड्यांतून मोजकेच वळू निवडणं परवडतं. चांगली जनुकं गोठ्यात आणण्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे ती कांडी. आपलं नशीब असं की आणंद इथून चाळीसेक किलोमीटरवर. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५ पासून तिथे आहे, आणि खेडा जिल्ह्यात बिडजला साबरमती आश्रम गोशाळेचं रेतकेंद्र आहे. रेतकेंद्रं आपल्या वळूंची सूची काढतात. रेतन करणाऱ्या भाईंकडे मागा, मंडळीत मागा, पशुवैद्यांकडे मागा.

एका वळूच्या पानावर फोटो असतो. तो शेवटी बघा. आधी आईचं दूध बघा: कितव्या वेतातलं, किती दिवसांचं. ‘३०५ दिवसांत’ असं लिहिलेलं असेल तर तुलना करता येते. ‘एका दिवसाचं सर्वोच्च’ एवढंच असेल तर त्यावरून ठरवू नका. मग पैदासमूल्य बघा, म्हणजे जातीच्या सरासरीपेक्षा त्याच्या रक्तात दूध किती जास्त किंवा कमी आहे त्याचा अंदाज. समजा तिथे दुधासाठी अधिक ६०० किलो छापलंय. ते वळूचं स्वतःचं मूल्य. लेकीला त्याचं निम्मं मिळतं, ३०० किलो. ३०५ दिवसांत वाटलं तर दिवसाला जवळपास एक लिटर. त्या जातीच्या सरासरी वळूच्या लेकीपेक्षा याची लेक, सारख्याच चाऱ्यावर, दिवसाला लिटरभर जास्त देईल, असं ते पान सांगतं. चंद्रीसारखी गाय सांभाळून मिळालेल्या ०.६ शी हे ताडून बघा, आणि कांडीची किंमत आठवा.

परदेशी सूची वाचताना एक खुबी लक्षात ठेवा. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या वळूंवर जो आकडा छापतात तो आधीच निम्मा केलेला असतो, म्हणजे वासरात किती फरक पडेल तेच थेट लिहितात. तिथे दुधाऐवजी जन्माचं वजन, आईपासून तोडतानाचं वजन, व्यायण्यातली सुलभता असे रकाने असतात. गणित आपलंच आहे, मोजायची वस्तू वेगळी. म्हणून कुठलीही सूची हातात आली की आकडा पूर्ण आहे की निम्मा केलेला, हे आधी विचारून घ्या.

पैदासमूल्याशेजारी विश्वासार्हतेचा टक्का असतो आणि तो कोणी वाचत नाही. ज्या वळूच्या पुष्कळ लेकी वेगवेगळ्या गावांत मोजून झाल्यात त्याची विश्वासार्हता जास्त. याला संतती परीक्षण म्हणतात, त्याला सहा-सात वर्षं जातात, पण त्या आकड्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. फक्त आईबापांवरून अंदाजलेल्या तरुण वळूची विश्वासार्हता कमी. तरुण वळू वाईट असतो असं नाही, तो वर जाईल किंवा खाली येईल, अजून ठरायचंय. म्हणून माझा शिरस्ता असा: चार गाई असतील तर एकाच तरुण वळूच्या चार कांड्या लावत नाही. दोघींना परीक्षण झालेला वळू, उरलेल्या दोघींना दोन वेगवेगळे तरुण वळू. एखादा खाली गेला तरी गोठा बुडत नाही.

आणि फक्त दुधाच्या रकान्यावर बोट ठेवून वळू निवडू नका. दूध वाढतं तसा फॅटचा टक्का साधारण उतरतो. ज्या मंडळीत पैसे फॅटवर मिळतात तिथे दूध वाढूनही हातात तेवढेच पैसे येऊ शकतात. दोन्ही रकाने बघा, कास-सडांची नोंद असेल तर तीही.

नात्यात नको

घरचाच वळू लावायचा मोह होतो. आमच्याकडे राजा नावाचा गोऱ्हा वाढवला होता. इतका गरीब, की आमची मुलगी त्याच्या वशिंडाला टेकून अभ्यास करायची. त्याच्यापासून पहिल्या वर्षी तीन कालवडी झाल्या, सुंदर. त्या माजावर आल्या तेव्हाही राजा गोठ्यातच होता, आणि आम्ही अडवलं नाही. पुढच्या वासरांपैकी एक दोन दिवसांत गेलं, एक वाढलंच नाही. काही महिने आम्ही जंतांना दोष देत राहिलो.

बाप आणि लेक यांच्या संयोगातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के येतो. सावत्र भावाबहिणीत १२.५, चुलतमावस भावंडांत ६.२५. गुणांक जितका वर तितकी आईबाप दोघांकडून एकच दडलेला दोष येण्याची शक्यता वाढते. वासरू अशक्त राहतं, वाढ खुंटते, गाभण राहायला वेळ लागतो. मी ६.२५ ची मर्यादा ओलांडत नाही. म्हणजे रेतनाआधी गाईचा बाप, आणि दोन्हीकडचे आजे कोण, हे वहीत बघायचं आणि त्यांपैकी कोणाचा क्रमांक वळूच्या वंशावळीत येत नाही ना, हे ताडायचं. दोन मिनिटांचं काम. वळूच्या क्रमांकाची नोंद नसेल तर मात्र हे अशक्य होतं, आणि म्हणूनच ‘गीरची कांडी लावली’ एवढंच सांगणाऱ्याला मी परत विचारते, क्रमांक काय?

संकराबद्दल थोडक्यात. शुद्ध गीर असेल तर गीरच लावा. होल्स्टीन या परदेशी जातीचा वळू लावून पहिल्या पिढीत दूध झपाट्याने वाढतं हे खरं आहे, पण त्या संकरित गाईंना पुन्हा संकरित वळू लावला की दुसऱ्या पिढीत तो जोर ओसरतो आणि वासरं एकसारखी येत नाहीत. त्यात बडोद्याचा मे महिना. आणि पहिलारू, लहान चणीच्या कालवडीला मोठ्या हाडापेराच्या जातीची कांडी तर कधीच नको. वासरू अडतं.

जीनोम चिप म्हणजे काय

रक्ताचा, केसांच्या मुळांचा किंवा कानाच्या कातडीचा छोटा नमुना घेतात. त्यातल्या डीएनएवरच्या हजारो ठरावीक जागा चिपवर वाचतात. आधी ज्या गाईंचं दूधही मोजलंय आणि डीएनएही वाचलंय अशा मोठ्या कळपाशी ते ताडून पैदासमूल्य काढतात. त्यामुळे वासरू महिन्याचं असतानाच अंदाज बांधता येतो, लेकी व्यायची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडे देशी गाईंसाठी अशा चिप तयार झाल्या आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमला ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ जाहीर झाली.

पण चिप एकटी काही सांगत नाही. मागे त्याच जातीच्या मोजलेल्या गाई लागतात. होल्स्टीनच्या नोंदींवरून गीरचा अंदाज बरोबर येत नाही. म्हणून गावात नोंदणी करणारा माणूस आला तर त्याला धार मोजू द्या. तुमच्या गोठ्याचा आकडा उद्या तुम्हालाच वळूच्या पानावर परत मिळणार आहे.

दोन-चार गाईंच्या गोठ्यात प्रत्येकीची चिप करण्याची गरज मला वाटत नाही. वळू चिपवर निवडलेला असला की बराचसा फायदा कांडीतून येतो. बापाबद्दल शंका असेल तर पितृत्वाची डीएनए चाचणी मात्र करून घ्या. आनुवंशिक चाचण्यांसाठी आणंदला दुग्धविकास मंडळाची काफ ही प्रयोगशाळा आहे.

लिंगनिश्चित कांडीबद्दल नेहमी विचारतात. तिच्यात सुमारे ९० टक्के कालवडी होतात, पण कांडीत शुक्राणूंची संख्या नेहमीपेक्षा खूप कमी असते, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण थोडं उतरतं. ती सगळ्यांना लावू नका. गोठ्यातली सर्वांत चांगली, निरोगी, नियमित माजावर येणारी कालवड किंवा गाय निवडा आणि तिलाच लावा. जिची लेक तुम्हाला नकोच आहे तिच्यावर महागडी कांडी कशाला?

रेतनाच्या दिवशी

गीरचा माज पुष्कळदा मुका असतो, हंबरणं कमी, चिकट स्राव थोडा. पहाटे आणि रात्री झोपण्याआधी गोठ्यात जाऊन नुसतं पाच मिनिटं उभं राहा, शेपटाखाली बघा. मागच्या माजापासून एकवीस दिवस मोजून आदल्या दिवसापासून नजर ठेवा. सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

भाई आले की त्यांच्याजवळ उभं राहा. ते कंटेनरचं झाकण उघडतात तेव्हा पांढरी वाफ काठावरून खाली सांडते, आत असतो उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. चिमट्याने कांडी काढली की ती सरळ कोमट पाण्यात गेली पाहिजे, ३७ अंशांच्या, साधारण तीस सेकंद. थर्मामीटर नसेल तर स्वतःचा द्या, दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. तळहातात चोळून वितळवलेली कांडी लावू देऊ नका. पैदासमूल्य अधिक ६०० असलं तरी मेलेल्या शुक्राणूंचा उपयोग नाही. कांडी पुसून झाली की तिच्यावरचं बारीक छापील वाचून घ्या: वळूचा क्रमांक, जात, रेतकेंद्र, तारीख. केंद्र सरकारी तपासणीत ए श्रेणीचं ठरलेलं आहे का ते आधीच विचारून ठेवलेलं असावं. रेतन झाल्यावर रिकामी कांडी मागून घ्या. मी ती वहीच्या पानाला चिकटपट्टीने लावून ठेवते. नोंद चुकू शकते, चिकटवलेली कांडी चुकत नाही.

आमच्या वहीतलं गौरीचं पान असं आहे: माज पहाटे साडेपाच, स्राव स्वच्छ. रेतन संध्याकाळी सहा, पाणी ३७ अंश. वळूचा क्रमांक आणि खाली चिकटवलेली निळसर कांडी. आजे ताडले, नातं नाही. एकविसाव्या दिवशी बघणे. साठ दिवसांनी डॉक्टरांकडून तपासणी. त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, कालवडीचा बिल्ला क्रमांक आणि तिच्या पहिल्या वेताची धार लिहायला.